वेशीचा खुलासा

“हे मी लिहिलंय? मी?”

विमलबाई आत बिनमिठाची आमटी ढवळत होत्या. आवाज ऐकला तशी पळी पातेल्यात सोडून त्या धावतच बाहेर आल्या. नगरच्या दवाखान्यातून घरी आणल्यापासून मास्तरांचा आवाज पाणी मागण्यापुरताच निघायचा. आज तो जुना, शेजारपाजारच्या घरांना ऐकू जाणारा आवाज परत आला होता. त्यांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. भरली ती धडकी.

सहादू मास्तर पलंगावर ताठ बसले होते. हातात ‘साप्ताहिक नाका’चा अंक होता, गावचे पुढारी नाथाण्णा यांच्या वाढदिवसाचा रंगीत विशेषांक. पहिल्या पानावर नाथाण्णा हात जोडून हसत होते. त्यांच्या खाली अग्रलेख होता, आणि अग्रलेखाच्या डोक्यावर मास्तरांचा फोटो होता.

“कुनी दिला ह्यांना अंक?” विमलबाईंनी लेकीकडं पाहिलं.

“मी दिला.” शुभांगी सकाळच्या एसटीनं संगमनेरहून आली होती, पिशवीसुद्धा अजून खांद्यावर होती. “बाबा म्हणाले, मी आजारी असताना निघालेला अंक दाखव. कपाटावर गठ्ठा होता, त्यातला काढून दिला. लपवण्यासारखं काय होतं त्यात?”

“डाक्टर काय बोललेत ते तुला ठावं न्हाई व्हय? त्यांना तरास हुईल असं काय बी दावायचं न्हाई म्हनून...”

“त्रासाचं हे छापताना नाही आठवलं कुणाला?” मास्तर गरजले. “विमल, माझ्या नाकात नळ्या होत्या. नळ्या! शुद्ध नव्हती मला. आणि मी अग्रलेख लिहिला? लिहिला तो काय, तर म्हणे नाथाच्या आज्यानं गावची वेस उघडली!”

धामणनाक्यात ही गोष्ट साधी नव्हती. गावाखालच्या ओढ्याच्या अलीकडं इंग्रजांचा नगर जिल्हा आणि पलीकडं निजामाची मोगलाई, अशी ती जुनी हद्द. रझाकारांच्या धाकानं पलीकडची माणसं पोराबाळांसकट ओढा ओलांडून आली, तेव्हा गावच्या पाटलानं, म्हणजे नाथाण्णांच्या आज्यानं, वेस लावून घेतली होती. माणसं थंडीत ओढ्याच्या पाण्यात आणि चिखलात उभी राहिली. त्यांना घरात घेतलं ते वेशीबाहेरच्या वस्तीनं. ज्या वस्तीला वेशीच्या आतल्या आडाचं पाणी भरायची बंदी होती, त्या वस्तीनं. मास्तरांनी हे एकेका म्हाताऱ्याच्या उंबऱ्यावर बसून ऐकलं होतं, पडताळून पाहिलं होतं आणि छापलं होतं. त्यापायी कुणी रामराम घालायचं सोडलं, कुणी जाहिराती तोडल्या. पण हे खोटं आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. आता ते म्हटलं गेलं होतं, आणि म्हणणाऱ्याचं नाव सहादू भिंगारदिवे होतं.

आज दुपारीच त्याच वेशीवर संगमरवराची पाटी बसायची होती. वर पाटलाचं नाव, खाली ‘इतिहास संशोधक सहादू भिंगारदिवे यांच्या लेखावरून’. निमंत्रणपत्रिकेतच तसं छापून आलं होतं. ती पत्रिका विमलबाईंनी पिठाच्या डब्यामागं टाकली होती, पण शुभांगीला एसटी स्टँडवरच कुणीतरी दुसरी दिली होती, आणि तीही आता मास्तरांच्या मांडीवर पडली होती.

“महेंद्र कुठंय?” मास्तरांनी विचारलं.

महेंद्र दारातच होता. शाळेतून जेवायला आलेला, मोटरसायकलची किल्ली हातात. बाप काय विचारतोय ते त्याला अंगणातूनच कळलं असावं, कारण त्याचा चेहरा आत येण्याआधीच उतरला होता.

“मी लिहिलं, बाबा.”

“कशापायी?”

“तुम्ही आयसीयूत होता. अंक तर काढायलाच पाहिजे होता. एक जरी चुकला तरी सरकारी जाहिरातींच्या यादीवरून नाव जातं, हे तुम्हीच सांगत आलात. भिमाजी नाना आले, म्हणाले, अण्णांच्या वाढदिवसाला तुझ्या बापाचे दोन शब्द हवेत. अण्णांनी ओळखीनं तुम्हाला बेड मिळवून दिला होता, बाबा. त्यांची गाडी रोज दवाखान्याच्या दारात उभी. मी तिथंच बाकड्यावर बसून मोबाईलवर लिहिलं. मला वाटलं, अग्रलेख वाचतंय कोण?”

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मास्तरांनी चाळीस वर्षं अग्रलेखच लिहिले होते.

“दादा, तू शाळेत इतिहास शिकवतोस ना?” शुभांगी उसळली. “लाज नाही वाटली?”

“तू गप, शुभे. तू संगमनेरला बसून फोनवर ‘बाबा कसे आहेत’ विचारायचीस. डबे मी नेत होतो.”

“डबे नेले म्हणून बापाचं नाव विकायचं?”

“पुरे!” मास्तर ओरडले आणि छातीवर हात ठेवून थांबले. विमलबाई पुढं झाल्या, मास्तरांनी हातानंच त्यांना मागं सारलं. “भांडण नको. खुलासा काढा. उद्याच्या अंकात. पहिल्या पानावर.”

मास्तरांचा खुलासा तालुक्यात प्रसिद्ध होता. बाकीचे पेपर चूक पहिल्या पानावर करायचे आणि ‘नजरचुकीने’ म्हणून शेवटच्या पानावर, लग्नाच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरात दुरुस्ती छापायचे. मास्तरांचा नियम वेगळा. चूक जिथं झाली तिथंच, आणि चुकीचं जेवढं अक्षर तेवढंच खुलाशाचं. शिवाय चूक कुणी केली त्याचं नाव. एकदा गावातल्या बारवेचं साल स्वतःच चुकीचं दिलं, तर पुढच्या आठवड्यात अग्रलेखाच्या जागी ‘संपादकाची चूक’ असा मथळा देऊन मोकळे झाले होते. लोक हसले होते. मास्तरांना त्याचं काही वाटलं नव्हतं.

“नाव टाकायचं?” महेंद्रनं विचारलं. “माझं?”

“मग कुणाचं?”

तेवढ्यात भिमाजी आले. मास्तरांचे धाकटे भाऊ, पोरांचे नाना, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. नाथाण्णांच्या पॅनलमधून ते नगरपंचायतीवर निवडून आले होते आणि तेव्हापासून घरात शिरतानासुद्धा सभेला आल्यासारखे शिरत.

“काय लावलंय? पार चौकापर्यंत आवाज येतोय. दादा, तुमी असं तापू नका. आन् तयार ऱ्हा. अण्णा गाडी धाडत्यात. फेटा बांधायला माणूस सांगितलाय.”

“मी येणार नाही. आणि ती पाटी बसणार नाही.”

“अवो, बसनार न्हाई म्हंजे? गवंडी सकाळपास्नं कामाला लागलाय!”

मग सगळेच एकदम बोलू लागले. भिमाजी आणि महेंद्र एका बाजूला, शुभांगी बापाच्या बाजूला. विमलबाई मधे उभ्या होत्या आणि खरं सांगायचं तर त्यांचं मन त्या घडीला लेकाकडं झुकलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. मनगटावर सुया टोचल्याचे डाग अजून गेले नव्हते. पाटी बसली तर बसू दे, माणूस जगला पाहिजे, एवढंच त्यांना दिसत होतं.

“मी काय म्हनते,” त्या म्हणाल्या, “आत कुठंतरी चार वळी छापा. मागच्या अंकातला लेख मास्तरांच्या तब्येतीमुळं दुसऱ्यानं लिहिला, एवढंच. नाव कशाला? पाटी बसंल, लोक दोन दिस बोलतील, इसरतील.”

“आई, तूसुद्धा?” शुभांगी म्हणाली.

“मला नवरा पायजे,” विमलबाई म्हणाल्या. “तुमचा इतिहास मागनं बघा.”

मास्तरांनी बायकोकडं पाहिलं. रागानं नव्हे, नवलानं. विमलबाईंना ते पाहणं सोसलं नाही, त्या पातेल्याखालचा गॅस बंद करायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा महेंद्र खाली जमिनीवर बसला होता.

“बाबा, तुम्हाला सांगितलं नाही,” तो म्हणत होता. “माझी मान्यता अजून आलेली नाही. इतकी वर्षं शिकवतोय, पण कागदावर मी अजून शिक्षक नाही. प्रस्ताव संस्थेच्या ऑफिसात पडलाय, अध्यक्ष म्हणून अण्णांची सही राहिलीय. या महिन्यात करतो म्हणालेत. उद्या खुलासा आला की परवा मी घरी. दोन पोरं आहेत मला. ह्या वयात कुठं जाऊ? कुठल्या संस्थेच्या दारात उभा राहू?”

तो रडत नव्हता, पण रडला असता तर बरं झालं असतं असा त्याचा आवाज होता. शुभांगी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं खांद्यावरची पिशवी पहिल्यांदा खाली ठेवली.

“आधी का नाही बोललास?” ती हळूच म्हणाली. आणि थोड्या वेळानं बापाला म्हणाली, “बाबा, आई म्हणते तसं केलं तर? दादाचं नाव न टाकता? सही होईपर्यंत तरी.”

विमलबाईंना वाटलं, आता मास्तर पुन्हा गरजतील. ते गरजले नाहीत. त्यांनी हातातल्या अंकाची घडी घातली आणि तो उशाला ठेवला.

“काहीच छापू नका,” ते म्हणाले. “चार ओळीही नकोत. अर्धा खुलासा मी कधी छापला नाही, आता काय छापायचा. राहू द्या तसंच.”

“पन कार्यक्रमाला यायचं, दादा,” भिमाजी लगेच म्हणाले.

“गाडी येऊ दे. बघू.”

आणि ते भिंतीकडं तोंड करून निजले.

खोलीत एकदम हलकं वाटायला लागलं. भिमाजींनी खिशातून मोबाईल काढून कुणाला तरी “हां, हां, येत्यात मास्तर” असं सांगितलं आणि “वैनी, वाईच चहा टाका” म्हणून खुर्चीत पाय पसरले. महेंद्रनं डोळे पुसले. विमलबाईंनीही सुस्कारा सोडला. त्यांना हवं तेच झालं होतं. तरी त्या चहाला गेल्या नाहीत, कारण मास्तरांची पाठ त्यांना दिसत होती. खटले झाले, छापखान्यावर दगड आले, बदल्या झाल्या, पण ह्या माणसानं कधी कुणाकडं अशी पाठ केली नव्हती.

एवढं काय लिहिलंय तरी ह्या पोरानं?

हा अंक निघाला तेव्हा त्या दवाखान्याच्या फरशीवर झोपत होत्या. दर अंकाच्या घड्या त्यांच्या हातच्या, पत्ते त्यांनी चिकटवलेले, फक्त ह्या एकाला त्यांचा हात लागला नव्हता. त्यांनी उशाचा अंक काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्या सावकाश वाचायच्या. नाथाण्णांचं कार्य, नाथाण्णांची दूरदृष्टी, हे सगळं त्यांनी ओलांडलं. मग वेशीचा मजकूर आला.

‘त्या काळरात्री वेशीबाहेरील वस्तीने भयापोटी आपापली दारे लावून घेतली असता, पाटलांनी मात्र स्वहस्ते वेस उघडून शेकडो निर्वासितांना मायेची ऊब दिली.’

विमलबाईंनी ते पुन्हा वाचलं. वेस पाटलानं उघडली, हे खोटं त्यांना माहीत होतं आणि त्या ते गिळायला तयार झाल्या होत्या. पण दारं लावून घेतली? वस्तीनं?

“म्हेंद्रा,” त्या म्हणाल्या, “ही वळ तू लिव्हली?”

महेंद्रनं मान वर केली. कुठली ओळ ते त्यानं विचारलं नाही.

“ते अण्णांच्या ऑफिसातून आलं होतं, आई. मी फक्त वाक्यं जोडली.”

“पुंजाराम कोन हुता रं तुझा?”

“आई...”

“कोन हुता? सांग की ह्या नानाला. माझा आजा. त्या राती वस्तीतल्या घराघरात मोगलाईतली लेकरं निजवून जागा पुरंना, म्हनून ह्यो गडी वेशीवर गेला. दार बडवलं. पाटील, लेकरं गारठली, वेस उघडा, म्हनला. वेस न्हाई उघडली. दारातली बारकी दिंडी उघडली, चार जन भायेर आले आन् काठ्यांनी त्याचा पाय मोडला. मरंस्तवर लंगडत हुता. मी बोट धरून हिंडलीया त्याच्यासंगं. हे तुमचे मास्तर पहिल्यांदा आमच्या घरी आले ते कशाला आले? त्याला त्या रातीचं इचारायला आले. त्याच्या बोलन्यातनं ह्ये घर उभं ऱ्हायलं, म्हेंद्रा. तू बी त्यातनंच झालास. आन् त्याला तू दार लावून बसवला?”

बोलायची हिंमत भिमाजींनीच केली.

“वैनी, लई जुनं झालं ते. कशाला उकरून काढायचं?”

“मी उकरलं? पाटी कोन बसवतंय, मी का तुमी? गप पडलं हुतं तर पडू द्यायचं हुतं. तुमालाच ते पायजे, फकस्त उलटं करून पायजे!”

“अण्णांचे उपकार बी बघा जरा. बेड भेटला नसता तर दादा आज...”

“उपकार मानते. त्यांच्या दारी जाऊन पाया पडंन, बोलावतील तवा जाईन. पन दवाखाना काय अण्णाच्या घरचा न्हवता. आन् बेडच्या बदल्यात माझा आजा मागितला असता, तर मीच इचार केला असता का घ्यायचा ते. मला इचारलं कुनी?” त्यांनी अंक भिमाजींपुढं धरला. “खुलासा निगनार. सगळा निगनार. नावासकट.”

“दादाच नको म्हणतोय ना?” भिमाजी चिडले. “संपादक त्यो हाय.”

“संपादक असतील. मालक मी हाय.”

भिमाजी हसणार होते, पण शुभांगीचा गंभीर चेहरा बघून थांबले. ते खरंच होतं. मास्तरांनी पेपर काढला तेव्हा ते जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, सरकारी नोकराला स्वतःच्या नावावर साप्ताहिक चालवता येईना, म्हणून सगळे कागद बायकोच्या नावानं झाले. तेव्हापासून शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीत, कुणी वाचत नाही अशा अक्षरात, ‘मालक, मुद्रक, प्रकाशक सौ. विमल सहादू भिंगारदिवे’ असं छापून येत होतं. ती ओळ कुणी वाचत नसलं तरी वकील वाचायचे. बदनामीच्या प्रत्येक खटल्यात जामखेडच्या कोर्टात आरोपी नंबर एक म्हणून पुकारा व्हायचा तो विमलबाईंचा. पदर सावरून त्या उभ्या राहिल्या होत्या, मूल कडेवर घेऊनसुद्धा. ते मूल महेंद्रच होतं.

“मोबाईल काढ,” त्या महेंद्रला म्हणाल्या.

“आई, मी नाही लिहिणार.”

“मग मी लिव्हते. चुकलं तर चुकलं. तसंच छापीन.” त्यांनी शुभांगीकडं हात केला. “दाऊदभाईंना फोन लाव.”

दाऊदभाईंचा छापखाना जामखेडला होता, ‘नाका’ पहिल्यापासून त्यांच्याकडंच छापला जायचा. फोन लगेच लागला.

“भाभी, मास्तर कसे आहेत? मी पानाचीच वाट बघतोय. मशीन थांबवून ठेवलंय.”

“पैल्या पानावर अग्रलेखाची जागा रिकामी ठेवा, भाईसाब. खुलासा येतोय.”

मग दाऊदभाई म्हणाले, “कधीचा वाट बघत होतो मी ह्या फोनची. मागचा अंक छापताना हात चालेना माझा. पण मजकूर घरातून आलेला, मी कोण अडवणारा?”

विमलबाईंनी फोन ठेवला. महेंद्र अजून जमिनीवरच होता. त्यानं आईकडं पाहिलं, मग भिंतीकडं तोंड केलेल्या बापाकडं. शुभांगी त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं त्याच्या खिशातला मोबाईल काढून त्याच्या हातात दिला. दोन्हीकडून बोलून झालं होतं तिचं.

“लिही,” विमलबाई म्हणाल्या. “नीट पुस्तकी लिही, मी सांगते तसं. मागच्या अंकातला अग्रलेख सहादू भिंगारदिवे यांनी लिहिलेला नाही. ते दवाखान्यात होते.”

महेंद्रची बोटं हलू लागली.

“त्या रात्री पाटलांनी वेस उघडली नाही. वस्तीनं एकही दार लावलं नाही. पुंजाराम यांनी वेस उघडा म्हणून विनवणी केली, तेव्हा पाटलाच्या माणसांनी त्यांचा पाय मोडला. लिव्हलं?”

“हो.”

“हा खोटा मजकूर आमच्या मुलानं लिहिला.”

बोटं थांबली. महेंद्रनं ओळ पुरी केली आणि तो वाट बघू लागला, आई पुढं काही तरी दुसरं सांगेल म्हणून.

“नाव घाल.”

“नाव नको, विमल,” भिंतीकडून आवाज आला. मास्तर वळले नव्हते. “आपलं पोर आहे ते.”

“माझं बी हाय,” विमलबाई म्हणाल्या. “परक्याच्या पोराचं छापलं असतंत ना तुमी? खोटी बातमी देनाऱ्या त्या कंपाउंडरचं छापलंत, तलाठ्याचं छापलंत. त्यांना आया न्हवत्या? घाल रं नाव.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भिमाजी उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

“वैनी, शेवटचं इचारतो. अण्णांना काय सांगू मी?”

“सांगा, गवंड्याला घरी धाडा. तरीबी पाटी बसवायचीच असंल तर मास्तरांचं नाव खोडून बसवा. उद्या अंक गावात यील, तवा लोकं दोन्ही वाचतील.”

भिमाजी गेले. गाडी वळल्याचा आवाज आला, आणि ती मास्तरांशिवायच गेली.

महेंद्रनं लिहिलं. आधी महेंद्र, मग सहादू, मग भिंगारदिवे. एकेक शब्द लिहून थांबत. लिहून झाल्यावर त्यानं मोबाईल आईपुढं धरला. विमलबाईंनी सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चूक नव्हती. पोरगं लहानपणापासून शुद्धच लिहायचं.

“पाठव.”

त्यानं पाठवलं. आणि तसाच खाली मान घालून बसून राहिला. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं त्याच्या. विमलबाईंना वाटलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, पण हात उठला नाही. नोकरी गेली तर त्याला, सुनेला, दोन्ही नातवंडांना ह्या घरात घेऊन पोसायची त्यांची तयारी होती, आज, आत्ता. त्याला माफ करायची अजून नव्हती.